तिपाईने लावलेला निकाल

मी तिपाई बोलतेय. तीन लाकडी पाय, मधे त्यांना धरणारा एक बोल्ट, वर जाड कापडाची तिकोनी बैठक, एवढाच माझा संसार. दिसायला गरीब आहे. पण गरीब दिसणाऱ्याच्या मनात काय शिजत असतं ते कोणी विचारत नाही, आणि तेच एका अर्थी बरं असतं.

आज मी तुम्हाला माझी जन्मापासूनची हकीकत सांगणार आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं? जन्म वगैरे निमित्त. मला सांगायचंय ते मी एका बाईवर सूड कसा उगवला ते. नुसता सूड सांगितला की लोक म्हणतात, काय मेली खुनशी! जन्मापासून सांगितलं की जरा जवळ सरकून ऐकतात.

तर, लाकूड कातणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. तो पलंगाचे पाय, लाटणी, जिन्याचे कठडे असलं काय काय करायचा. त्यातून उरलेल्या लाकडाची मी. म्हणून माझे तिन्ही पाय एका रंगाचे नाहीत. एक जरा काळपट आहे, पण ताकद त्याच्यातच जास्त. माझी बैठक शिवली ती ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका बाईने. शिवण घालताना ती म्हणाली, "हिच्यावर हत्ती बसला तरी टाका उसवायचा नाही."

"हत्ती कशाला येतोय बसायला?" म्हातारा म्हणाला.

"हत्ती नाही यायचा. पण गिऱ्हाइकांचा काय नेम!"

माझा पहिला मालक बसचा कंडक्टर होता. सगळी नोकरी उभ्याने झालेली. रिटायर झाला त्याच दिवशी मला विकत घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, "आता मी बसणार. आणि मला वाटेल तिथे बसणार." तसंच केलं हो त्याने. कुठे नवी इमारत बांधत असतील तर तिच्यासमोर मला मांडून सिमेंट कालवणारं यंत्र बघत बसायचा. कुठे भिंतीला रंग देत असतील तर तिथे. लोक विचारायचे, "काका, कोणाची वाट बघताय?" तो म्हणायचा, "कोणाची नाही. बरं वाटतंय इथे." यापलीकडे कारण त्याने कधी दिलं नाही, आणि मागायला कोणी धजावलंही नाही.

तो गेल्यावर मुलांनी कपाटं, पलंग, शिवणयंत्र असं सगळं वाटून घेतलं. मुलगी सगळ्यात शेवटी पोचली. कोपऱ्यात मी उरले होते. "ही मी नेते," ती म्हणाली, आणि नाही म्हणायला तिथे कोणाचं काही अडलं नव्हतं.

हीच माझी धाकटी. धाकटी म्हणजे सासरची धाकटी सून. केस पांढरे झाले तरी तिला घरात अजून धाकटीच म्हणतात. ती आणि तिचा नवरा मिळून एक खानावळ चालवतात. तो गल्ल्यावर गोड बोलायला, ही आत चुलीपाशी आणि मोरीपाशी. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. तिच्यातून भरलेली ताटं बाहेर जातात आणि उष्टी आत येतात. उष्ट्यांचा ढीग किती, ते बाहेर बसून जेवणाऱ्याला कधी कळायचं नाही. तो उपसून झाला की धाकटी माझ्यावर बसून लसूण सोलायची. तो वास अजून माझ्या बैठकीला आहे.

आता त्या बाईंकडे येते. धाकटीच्या नवऱ्याची मोठी बहीण. मुलींच्या शाळेत हेडबाई होत्या, म्हणून मी त्यांना हेडबाईच म्हणते. शाळा सुटली तरी बाईंची शाळा काही सुटली नव्हती. टक्कल पडलेल्या भावाला "बाळ, सरळ बस" म्हणायच्या आणि तो सरळ बसायचा. मूलबाळ नाही, यजमान लवकर गेलेले. चित्रकलेवरची जाडजाड पुस्तकं वाचण्याचा नाद होता. मग दरवर्षी खानावळ बंद ठेवून तिघांनी कुठल्यातरी मोठ्या शहरी जायचं आणि तिथली चित्रांची संग्रहालयं बघायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. धाकटीचे पाय उभं राहून राहून सुजलेले असायचे, म्हणून ती मला बरोबर घ्यायला लागली.

त्यात हेडबाईंनी एक पद्धत पाडली होती. दिवसभर चित्रं बघून झाली की चहाच्या टेबलावर निकाल लावायचा. प्रत्येकाने सगळ्यात आवडलेलं चित्र सांगायचं, का आवडलं तेही सांगायचं. ज्याचं उत्तर सगळ्यात वाईट, त्याने दुसऱ्या दिवशी तिघांच्या पिशव्या उचलायच्या. पिशव्यांमध्ये पाण्याच्या बाटल्या, शाली आणि हेडबाईंची ती पुस्तकं.

"खेळ आहे गं, मजा," त्या म्हणायच्या. खेळात दरवेळी एकच माणूस हरत असेल तर मजा कोणाची चालली आहे, हे तुम्हीच बघा.

पहिल्या वर्षी धाकटीने भाबडेपणाने सांगितलं, "मला तो निळा पडदा आवडला."

"पडदा? राजा मरायला टेकलाय, राणी उशाशी रडतेय, आणि तुला पडदा दिसला?"

"छान निळा होता हो ताई."

"पडदे बघायचे तर कापडाच्या दुकानात जा. बाळ, तुझं?"

"तू म्हणशील तेच, ताई," बाळ म्हणाला. तो पास. भाऊ ना!

पुढच्या वेळी धाकटीने शहाणपणा केला. "मला पण ताई, तुमचं ते लढाईचंच आवडलं."

"का?"

"उजेडासाठी."

"कुठून येतो उजेड?"

"डावीकडून?"

"उजवीकडून. नक्कल करायची तर नीट तरी कर," हेडबाई म्हणाल्या, आणि पिशव्या धाकटीच्या पायाशी सरकवल्या.

हे असं चाललं होतं, तोवर एका शहरात एक गोष्ट घडली. आम्ही एका लांबलचक दालनातून चाललो होतो. दोन्ही बाजूंना घोडे, तलवारी, देवदूत. धाकटी मान खाली घालून, पिशव्या सावरत चाललेली. आणि तिचे पाय थांबले. तिला कळायच्या आधी थांबले, हे मी शपथेवर सांगते, कारण मी तिच्या खांद्यावर होते.

कोपऱ्यात एक लहानसं चित्र होतं. काळोखातलं एक टेबल. पांढरा कपडा एका बाजूला ओढला गेलेला. अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय. पेला कलंडलेला, पाव तोडून टाकलेला, सुरी अशी कडेला की आता पडते की मग पडते. माणूस एकही नाही. जेवून उठून गेलेत.

तिने पिशव्या खाली ठेवल्या, मला मांडलं आणि बसली.

नवरा मागे आला. "पाय दुखले का?"

"नाही."

"मग?"

"बसलेय."

"अगं, पुढे ती छताएवढी चित्रं आहेत. ताई वाट बघत्येय."

"तुम्ही व्हा पुढे."

त्याने वाकून बघितलं. "ही तर उष्टी भांडी!"

"हो ना," धाकटी म्हणाली, आणि तिचा चेहरा काय खुलला होता म्हणून सांगू! "आणि कोणी मला उचलायला सांगत नाहीये."

बसणाऱ्याचं सगळं बैठकीला कळतं. माणूस घाईत बसलाय, भीत बसलाय, की नुसता टेकलाय, हे मला वजनावरून समजतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर सगळीच्या सगळी बसली. लसूण सोलताना कधीच नाही हो, तेव्हा निम्मी चुलीकडे असायची.

तिथून तिची आवड सुरू झाली, आणि चांगलीच चोखंदळ झाली. नीट रचलेली फळांची परडी तिला चालायची नाही. "हे तर दुकान मांडलंय." खुंटीला टांगलेला ससा आणि पक्षी दिसले की पुढे जायची. "यांचा स्वयंपाक अजून व्हायचाय." फुलांकडे ढुंकून नाही. जेवून उठलेलं, विस्कटलेलं, सोडून दिलेलं टेबल मात्र तिला बरोबर सापडायचं. अशी चित्रं बहुतेक कोपऱ्यात नाहीतर दाराआड असतात. ती हुडकायची, मला मांडायची आणि बसायची.

चहाच्या टेबलावर तिने हे खरं खरं सांगितलं. हेडबाई एवढ्या हसल्या की चहा बशीत सांडला. "उष्टी भांडी घरी कमी पडली वाटतं!" शेजारच्या टेबलावरचे लोकही हसले. तेव्हापासून नातेवाइकांत तिचं नाव पडलं, 'आमच्या उष्ट्या रसिक'. लग्नकार्यात हेडबाई तिला ताटांच्या ढिगासमोर उभी करून म्हणायच्या, "बघ, प्रदर्शन भरलंय." सगळे खिदळायचे. धाकटीही हसायची आणि ताटं उचलायची.

हे मी वर्षानुवर्षं बघितलं. पण सूड घ्यायचा ठरवला तो मागच्या प्रवासात.

झालं असं की खानावळीची समोरची भिंत नव्याने रंगवली होती, आणि तिच्यावर एक मोठं चित्र लावायचं ठरलं होतं. धाकटीच्या खिडकीच्या बरोबर समोरची भिंत. चुलीपासून मान वर केली की तीच दिसते. बाहेर जेवणारा अर्ध्या तासात उठून जातो, पण ही तिथे मरेपर्यंत उभी राहणार. म्हणजे ते चित्र कोणाला बघायचं होतं, सांगा बघू? पण चित्र कोण निवडणार, तर हेडबाई. आणि त्यांनी लढाई निवडूनही ठेवली होती. लोकांनी घास तोंडात घालायचा आणि समोर एकाचं मुंडकं उडतंय.

त्या वर्षी गेलो त्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात धाकटीला तिच्या आजवरच्या टेबलांत सगळ्यात सुंदर टेबल सापडलं. काय पसारा होता त्याच्यावर! चहाच्या वेळी तिने सगळा धीर गोळा केला. "ताई, खानावळीत ते लावू या का? मला खिडकीतून दिवसभर दिसेल."

हेडबाईंनी कप खाली ठेवला. "खानावळीत उष्ट्या भांड्यांचं चित्र? गिऱ्हाईक दारातून परत जाईल. आणि तुला कशाला भिंतीकडे बघायला वेळ? तू चुलीकडे बघ."

नवरा चहात चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"आणि हे बघ," हेडबाई म्हणाल्या, "ते लाकडी खेकडं घेऊन कुठेही फतकल मारायचं बंद कर. लोक बघतात. मला लाज वाटते."

त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही. संध्याकाळी हॉटेलात धाकटी अंघोळीला गेली तेव्हा मला दाराबाहेर काढलं आणि सफाईवाल्याला सांगितलं, "हे जुनं आहे, टाकून द्या." कचऱ्याच्या खोलीत मी भाज्यांच्या सालींखाली पडून राहिले. एक फुटकी बादली माझ्या बैठकीवर होती. सकाळी धाकटी मला शोधत शोधत खाली आली.

"कोणी टाकली ही?"

"त्या मोठ्या बाई म्हणाल्या, जुनं आहे," सफाईवाला म्हणाला.

तिने मला स्वतःच्या टॉवेलने पुसलं. रडली नाही. रडली असती तर एखादेवेळी मी विसरून गेले असते. ती वर गेली आणि हसऱ्या तोंडाने ताईंना चहा ओतून दिला. ते मला विसरता येईना. तेव्हाच मी ठरवलं, या बाईचं नाक कापल्याशिवाय मी मोडणार नाही.

आणि नशीब बघा! त्याच दुपारी हेडबाईंचा गुडघा धरला.

"तुम्ही दोघं आराम करा," त्या म्हणाल्या. "मी एकटी जाते संग्रहालयात, लढाईचा नीट अभ्यास करायला. अगं, ती तिपाई आहे ना अजून?"

"आहे ना ताई. कचऱ्यातून आणली."

"हो का? कोणी टाकली कोण जाणे! दे जरा. पिशवी ठेवायला होईल."

घ्या! खेकडं पिशवी ठेवायला चाललं.

संग्रहालयाच्या दारात राखण करणाऱ्या बाई होत्या. माझ्यासारखी कोणी आली की त्या पाय उलटे करून बघायच्या. तिन्ही पायांना रबरी बूट असतील तरच आत, नाहीतर लाकडाने फरशीला ओरखडे पडतात. माझे बूट बघून त्यांनी आम्हाला सोडलं.

मनात आलं, ही बसली की पाय फाकवून हिला सरळ फरशीवर आपटावी. पण कंबर मोडली असती तर शेक कोणी द्यायचा? धाकटीनेच. सूड असा हवा की त्याचं खरकटं आपल्या माणसाला काढावं लागू नये. मी गप्प राहिले.

हेडबाई लढाईच्या दालनापाशी आल्या, आणि तिच्याकडे न बघता सरळ पुढे गेल्या! देवदूत मागे पडले, राजे मागे पडले. पार पलीकडे, हात धुवायच्या जागेजवळ एक आडबाजूची खोली आहे, तिथे शिरल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मला मांडलं.

समोर एक कुत्रं होतं. मखमली गादीवर बसलेलं, लठ्ठ, पांढरंशुभ्र, गळ्यात गुलाबी फीत. एक कान वर, एक खाली, आणि जिभेचं टोक बाहेर.

"काय रे लबाडा," हेडबाई म्हणाल्या, "जेवलास का?"

माझे तिन्ही पाय गार पडले. ज्या बाईने निळ्या पडद्यावरून माणसाला रडकुंडीला आणलं, ती कुत्र्याच्या चित्राशी बोलत होती! बोलता बोलता हसत होती, इतकी की माझी बैठक हिंदकळत होती. तिचंही वजन मला कळलं. तीसुद्धा सगळीच्या सगळी बसली होती.

चित्र वाईट नव्हतं हो, उगाच कशाला नाव ठेवू? त्या कुत्र्याकडे बघून मलाही बरं वाटायचं. पण चहाच्या टेबलावर हेडबाई काय म्हणाल्या माहितेय? "लढाई! कितीही बघितली तरी पुरत नाही. आणि धाकटे, तुझं आज काय, खरकटंच ना? उचल पिशव्या."

पुढचे सगळे दिवस असंच. दुपारी कुत्रं, संध्याकाळी लढाई, सकाळी धाकटीच्या खांद्यावर ओझं. माझ्या पोटात हे राहीना. तुम्हाला असं काही कळलं असतं तर तुम्ही भाजी आणायचं निमित्त करून शेजारी सांगून आला असता. मला तोंड नाही. तिघांच्या टेबलाखाली मी मिटून पडलेली असायची, सगळं माहीत असून.

मग एका दुपारी मला माझा काळपट पाय आठवला. त्याचं लाकूड जरा सुकलेलं, म्हणून त्या पायातला बूट थोडा सैल होता. हेडबाई त्या लबाडाशी बोलत हसायला लागल्या. बैठक हलली, पाय हलले, आणि मी तो बूट सोडून दिला. तो घरंगळत बरोब्बर कुत्र्याच्या चित्राखाली जाऊन थांबला. हेडबाईंनी डोळे पुसले, मला मिटलं आणि निघाल्या. मी एका अनवाण्या पायाने.

संग्रहालयाच्याच चहाघरात धाकटी आणि नवरा येऊन बसले होते. निकालाची वेळ. हेडबाईंनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली, "आज मला त्या लढाईतल्या जखमी घोड्याच्या डोळ्यात जे दिसलं ना..."

"बाई, सापडलात एकदाच्या!" राखण करणाऱ्या बाई धापा टाकत आल्या. मुठीत माझा बूट. "तुमच्या तिपाईचं रबर राहिलं. उद्या याच्याशिवाय आत सोडायचे नाहीत, म्हणून म्हटलं देऊन येऊ."

"आमचं नाही ते," हेडबाई म्हणाल्या.

"तुमचंच हो! कुत्र्याच्या खोलीत होतं, चित्राच्या खाली."

"कुठल्या कुत्र्याच्या? मी लढाईच्या दालनात होते."

"तुम्ही?" राखणवाल्या बाई हसल्या. स्वभावाने फार गोड बाई. "लढाईकडे तर मी तुम्हाला कधी बघितलंच नाही. रोज दुपारी त्या लबाडापाशीच असता की! आम्ही सगळ्या तुमची वाट बघत असतो, एवढं मनापासून हसणारं माणूस इथे येतं कुठे? आज हसतानाच पडलं असेल ते."

नवऱ्याने वाकून मला टेबलाखालून काढलं. बूट पायात घातला. "बसला की," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाई गेल्या. हेडबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"जाऊ दे गं," नवरा धाकटीला म्हणाला. "खेळच तर आहे. आपण आता हा खेळच बंद करू."

"बंद?" धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ द्या म्हणावं तसा. "मी हरत होते तेव्हा नाही सुचलं बंद करायचं?"

तो पुन्हा चमचा शोधायला लागला.

"उद्या पिशव्या ताई उचलतील. कुत्रं आवडलं म्हणून नाही. कुत्रं गोड आहे, मीही बघितलंय. लढाई आवडते असं आम्हाला खोटं सांगितलं म्हणून."

हेडबाईंनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

दुसरा दिवस तिथला शेवटचा. सगळ्या पिशव्या हेडबाईंच्या खांद्यावर, आणि पिशव्यांच्या बाजूने खाली लोंबकळत मी. त्या दिवशी मी काय केलं ते सांगायला मला जराही लाज वाटत नाही. दर पावलाला मी त्यांच्या नडगीवर आपटत होते. पायरी आली की जरा जोरात.

"ही पुस्तकं एवढी जड कशी झाली?" त्या धापा टाकत म्हणाल्या.

"तुमचीच आहेत ताई."

"दे ताई, मी घेतो," नवरा पुढे झाला.

"तुम्ही व्हा पुढे," धाकटी म्हणाली, आणि तो झाला.

ती आम्हाला त्या उष्ट्या टेबलापाशी घेऊन गेली. हेडबाईंच्या खांद्यावरून मला काढून घेतलं, मांडलं आणि स्वतः बसली. हेडबाई ओझ्यासकट उभ्या.

"किती वेळ बसणार आहेस?"

"बघत्येय, ताई. उजेड कुठून येतोय ते."

ती पोटभर बसली. हेडबाई या पायावरून त्या पायावर होत राहिल्या. एवढा वेळ त्या चित्रासमोर त्यांनी आधी कधी काढला नसेल. आता बघितलं की नाही ते त्यांनाच ठाऊक, पण समोर दुसरं काही नव्हतं.

मग खाली दुकानात. तिथे चित्रांच्या छापील प्रती मिळतात. धाकटीने सगळ्यांच्या समोर, कोणाला न विचारता, भिंतीच्या मापाचं उष्टं टेबल मागितलं. नवऱ्याने बहिणीकडे बघितलं. बहीण लढाईबद्दल चकार शब्द बोलली नाही. दुकानातल्या मुलीने चित्र गुंडाळून नळकांड्यात घातलं आणि धाकटीने ते काखेत घट्ट धरलं.

तेवढ्यात हेडबाई तिच्या कानाशी लागल्या. "अगं, ऐक ना. एक छोटंसं... तेही सांग ना. तुझ्यासाठी म्हणून सांग."

"कुठलं?"

"तेच गं. कळतंय तुला."

"तुमचं तुम्ही मागा ताई. मी उष्ट्या भांड्यांचं माझ्या तोंडानेच मागितलं."

"हळू बोल!"

"तुम्ही मोठ्याने बोला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोलायचात तसं. गर्दी आहे, नाहीतर त्या मुलीला ऐकू जायचं नाही."

हेडबाई पुढे झाल्या. खांद्यावर पिशव्या, मागे लोकांची रांग. "कुत्र्याचं चित्र द्या," त्या म्हणाल्या.

"कुत्र्यांची पुष्कळ आहेत आजी. शिकारीचं हवं का?"

"नाही. गादीवरचं."

"ऐकू नाही आलं."

"गादीवरचं!" शाळेत घुमायचा तसा आवाज घुमला. "लठ्ठ! पांढरं! गुलाबी फीतवालं!"

सगळी रांग वळून बघायला लागली.

"हां, ते होय?" मुलगी म्हणाली. "ते इथे नाही, पलीकडे लहान मुलांच्या फळीवर आहे बघा. रंगपेट्यांच्या शेजारी."

हेडबाई त्या फळीपाशी गेल्या, वाकल्या आणि चित्र उचललं. धाकटीने मागे वळून बघितलं नाही. ती दारात उभी होती. पण कान मागेच होते, हे मला ठाऊक आहे.

आता ते टेबल खानावळीच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाईक काही पळालं नाही. उलट रोज कोणीतरी नवीन माणूस म्हणतो, "अहो, तेवढं ते टेबल आवरायचं राहिलंय," आणि आपण किती विनोदी बोललो म्हणून इकडे तिकडे बघतो. धाकटी खिडकीतून बघते, हात भांडी घासायच्या राखेत बुडालेले असले तरी. मी मोरीशेजारी असते. कापड विटलंय, पण त्या ताडपत्रीवालीचा टाका अजून एकही सुटला नाही.

हेडबाई जेवायला येतात. नवरा त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवायला जातो. धाकटी पदराला हात पुसत बाहेर येते आणि खुर्ची फिरवून ठेवते. "इकडे बसा ताई, इथे वारा चांगला लागतो."

तुम्हाला वाटेल, आता दोघी गळ्यात गळे घालून बसत असतील. तसलं काही झालेलं नाही. धाकटीने माफ केलं नाही, मी तर मुळीच केलं नाही. निकालाची पद्धतही मोडलेली नाही. यंदाचा प्रवास ठरलाय, आणि धाकटीने आत्ताच सांगून ठेवलंय की पिशव्या जरा मोठ्या आणा. नातेवाइकांत 'उष्ट्या रसिक' म्हणायचं मात्र आपोआप बंद झालं. लबाडाचं चित्र हेडबाईंच्या घरात कुठे लावलंय ते बघायला मी नुसती तडफडतेय, पण मला त्या उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. त्यांनी ओळखलंय.

चला, ताटं आत यायला लागली. पण जाता जाता विचारते, तुमच्या घरात असतंच ना असं कोणीतरी? तुम्हाला काय आवडावं हे तुमच्या आधी ठरवणारं, आणि चारचौघांत तुम्हाला हसणारं? मावशी असेल, जाऊ असेल, थोरले भाऊजी असतील. असेल तर लाजू नका, खानावळीच्या मागच्या दाराने या आणि धाकटीकडे मला मागून न्या. ती कोणाला नाही म्हणत नाही. त्यांना एकदा माझ्यावर बसवा, आणि मग माझं मी बघते.